मेदातील दाह आणि रक्तवाहिन्या : स्थौल्याकडे पाहण्याची एक दृष्टी

स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयात आला की बहुतेक ठिकाणी प्रथम त्याचे वजन केले जाते. वजन अधिक भरले तर स्थौल्य आणि बेताचे भरले तर चिंता नाही, असा सोपा हिशेब रुग्णाच्या मनात असतो. पुष्कळदा तो वैद्याच्याही मनात असतो. गेल्या तीन दशकांत मेदोधातूविषयी जे संशोधन झाले, त्याने हा हिशेब अपुरा ठरविला आहे. शरीरात मेद किती आहे, याबरोबरच तो कोठे साठला आहे आणि त्यात कोणत्या पेशी वास करून आहेत, यावर रक्तवाहिन्यांचे आरोग्य अवलंबून असते. या संशोधनातील एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्यातून निघालेला आहे. पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी या परिसरात राहून भोसरी, आकुर्डी अथवा चाकण येथे कामास जाणाऱ्या आपल्या रुग्णवर्गाशी तर त्याचा थेट संबंध येतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श येथे घेत आहे.

मेद : साठा आणि अवयव

मेदपेशी म्हणजे शिल्लक ऊर्जेचे कोठार, अशीच आधुनिक वैद्यकाची अनेक वर्षे समजूत होती. १९९३ साली अमेरिकेतील हॉटामिस्लिगिल, शारगिल आणि स्पीगेलमन यांनी स्थूल प्राण्यांच्या मेदात टीएनएफ-आल्फा हा दाहकारक पदार्थ निर्माण होतो, असे दाखविले. हा पदार्थ इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो. पुढे २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच नियतकालिकातून दाखवून दिले की, स्थौल्यात मेदोधातूमध्ये मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, मोठ्या संख्येने गोळा होतात. कृश प्राण्याच्या मेदात एकूण पेशींपैकी दहा टक्क्यांहून कमी असणाऱ्या या पेशी अतिस्थूल प्राण्यात निम्म्याच्या घरात जातात, असा त्यांपैकी एका गटाचा अंदाज होता.

या पेशी तेथे का येतात? मेदपेशी फुगत जाते, तसा तिला होणारा प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडू लागतो. काही पेशी मरतात. मृत पेशीतील स्नेह गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशी तिच्याभोवती मुकुटासारखे कडे करून बसतात. २००५ साली इटलीतील संशोधकांनी हे कडे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दाखविले. सफाईचे हे काम मुळात शरीराच्या हिताचेच आहे. परंतु मेद वाढतच राहिला तर सफाईही संपत नाही. भक्षक पेशी टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाहकारक स्राव सोडीत राहतात. हे स्राव रक्तातून यकृताकडे जातात, यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन अधिक प्रमाणात बनवू लागते आणि सर्व शरीरात मंद गतीचा, वेदनारहित दाह सुरू राहतो. ताप नाही, सूज नाही, रुग्णाची तक्रारही नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

कृश शरीरातील मेदातही संरक्षक पेशी असतात, परंतु त्यांची जात वेगळी असते. नियंत्रक टी-पेशी आणि इओसिनोफिल यांचे तेथे प्राबल्य असते व त्या दाहाला आवर घालतात. स्थौल्यात त्यांची संख्या घटते आणि दाह वाढविणाऱ्या पेशींची वाढते. जपान आणि अमेरिका येथील संशोधकांनी २००९ ते २०११ या काळात हा पालट टप्प्याटप्प्याने उलगडून दाखविला.

रक्तवाहिनीभोवतीचे आवरण

आपल्या बहुतेक रोहिण्यांभोवती मेदाचे पातळ आवरण असते. प्रयोगशाळेत रोहिणीचा अभ्यास करताना हे आवरण निरुपयोगी समजून खरवडून टाकण्याची पद्धत होती. १९९१ साली सोल्टिस आणि कॅसिस यांनी उंदराच्या महारोहिणीवर प्रयोग करताना ते तसेच ठेवले. तेव्हा असे दिसले की, आवरण असलेली रोहिणी नॉरअ‍ॅड्रेनलिनला कमी प्रतिसाद देते, म्हणजे कमी आकुंचन पावते. पुढील संशोधनातून हे स्पष्ट झाले की, निरोगी मेद अ‍ॅडिपोनेक्टिन, नायट्रिक ऑक्साइड इत्यादी पदार्थांच्या साहाय्याने रोहिणीला शिथिल ठेवतो. निरोगी अवस्थेत मेद हा रोहिणीचा मित्र आहे, ही गोष्ट चिकित्सकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्थौल्यात ही मैत्री तुटते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील संशोधकांनी २००९ साली स्वयंसेवकांच्या नितंबभागातून मेदाचे लहान तुकडे काढून त्यातील सूक्ष्म रोहिण्या तपासल्या. निरोगी व्यक्तींच्या रोहिण्यांना भोवतालच्या मेदामुळे शिथिलता मिळत होती. स्थूल आणि चयापचय बिघडलेल्या व्यक्तींमध्ये हा गुण नाहीसा झालेला होता व मेदात दाह आढळला. त्याच गटाने २०११ साली दाखविले की, या बिघाडास भक्षक पेशींचे उद्दीपन कारणीभूत आहे. २०१७ साली त्यांनी उंदरांवरील प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आणली. रोहिणीभोवतीच्या मेदात इओसिनोफिल नसतील तर रोहिणी शिथिल होत नाही आणि या पेशी परत दिल्या तर ती पुन्हा शिथिल होऊ लागते. इओसिनोफिल म्हटले की आपल्याला कृमी, श्वास आणि शीतपित्त यांचेच स्मरण होते. रक्तदाबाशीही त्यांचा काही संबंध असावा, ही कल्पना नवी आहे. उंदरातील निष्कर्ष मनुष्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मात्र विसरू नये.

याच मालिकेतील एक अभ्यास चिकित्सकाला धीर देणारा आहे. अतिस्थूल रुग्णांवर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया केल्यानंतर सहा महिन्यांनी त्यांच्या सूक्ष्म रोहिण्या पुन्हा तपासण्यात आल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार मेदातील दाह ओसरला होता आणि रोहिणीला शिथिल ठेवण्याचा मेदाचा गुण परत आला होता. हे रुग्ण त्या वेळीही स्थूलच होते. वजन आदर्श होण्याची वाट न पाहता रोहिणी सुधारू लागते, असा याचा अर्थ होतो. "वजन तर फारसे उतरत नाही, मग पथ्याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्या रुग्णाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

पुण्यातील संशोधन

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण देऊन एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ इतकाच होता. काट्याच्या दृष्टीने दोघेही समान आणि निरोगी. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने हे टिपण जगभर गाजले. भारतीय शरीर दिसायला बारीक असूनही आतून मेदस्वी असू शकते, हे त्यातून सहज पटते.

हे जन्मापासूनच असते, असे पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातून पुढे आले. तेथील पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बालकांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

दाहाविषयीही पुण्यात काम झाले आहे. युडकिन व याज्ञिक यांनी १९९९ सालीच नोंदविले होते की, ग्रामीण व्यक्तींपेक्षा शहरी व्यक्तींच्या रक्तात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-आल्फा यांसारखे दाहकारक पदार्थ अधिक असतात. पुढे पुणे परिसरातील ४४१ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यात १४९ ग्रामीण, १४२ शहरी झोपडपट्टीतील आणि १५० मध्यमवर्गीय शहरी पुरुष होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गावाकडून शहराकडे येताना मेद वाढलेला आणि त्याबरोबर दाहही वाढलेला आढळला.

आपल्या परिसराला हे तंतोतंत लागू पडते. पिंपळे गुरवमध्ये एका पिढीपूर्वी शेती करणारी घरे आज इमारतींत राहतात. मराठवाडा, खानदेश, सातारा, सोलापूर येथून आलेली कुटुंबे कारखान्यांच्या आधाराने येथे स्थिरावली. बाळपण कष्टाचे आणि बेताच्या पोषणाचे गेले. वयाच्या पंचविशीनंतर मात्र यंत्रापुढे अथवा संगणकापुढे बैठे काम, कंपनीची बस, फिरती पाळी, रात्रीचे जागरण, उपाहारगृहातील तळलेले पदार्थ आणि दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा. अशा पुरुषाचे वजन ६५ किलो असते, हातपाय बारीक असतात आणि पट्ट्यावर पोट आलेले असते. तो स्वतःला स्थूल समजत नाही. वैद्यानेही तसे समजले नाही, तर त्याच्या धमन्यांचा विचार कोणी करावयाचा?

हा प्रश्न केवळ आपल्या परिसरापुरता नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत बीएमआयच्या निकषाने २८.६ टक्के प्रौढ स्थूल आढळले, तर उदराच्या घेराच्या निकषाने ३९.५ टक्के. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे काट्याला न सापडलेले रुग्ण होत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के होते.

संहितेतील विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, म्हणजे अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे लक्षण सांगताना वजनाचा उल्लेख केलेला नाही. नितंब, उदर व स्तन यांचे लोंबणे, तसेच उपचयाच्या मानाने उत्साह नसणे, हे त्यांनी सांगितलेले लक्षण आहे. मेद कोठे साचला आणि बळ किती आहे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. अतिस्थूलात मेदच वाढतो, इतर धातूंची त्या मानाने पुष्टी होत नाही, हेही तेथे स्पष्ट केले आहे. बारीक स्नायू आणि अधिक मेद असलेल्या आपल्या रुग्णाचे वर्णन याहून नेमके कोणते असणार? स्थौल्याच्या हेतूंत आहार, अव्यायाम, दिवास्वाप यांबरोबर बीजस्वभावही गणला आहे.

त्याआधीच्या विसाव्या अध्यायात वीस कफज नानात्मज विकारांच्या यादीत धमनीप्रतिचय आणि अतिस्थौल्य हे दोन्ही विकार आलेले आहेत. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो आणि वायू व अग्नी मिळून, वणव्याने रान जाळावे तसे स्थूलाला जाळतात, असेही वर्णन आहे.

यावरून प्राचीनांना भक्षक पेशी ठाऊक होत्या असे म्हणणे हा अतिरेक होईल आणि त्याने आपल्या शास्त्राचा मान वाढत नाही. सूक्ष्मदर्शकाने दिसणारी गोष्ट सूक्ष्मदर्शकाचीच. परंतु स्थौल्य हा मेदाच्या स्थानाचा आणि गुणाचा विकार आहे व तो धमन्यांच्या विकाराशेजारी ठेवण्याजोगा आहे, ही दृष्टी आपल्याकडे होती. ती सोडून आपणच वजनकाट्याच्या मागे लागावे, हे योग्य नव्हे.

दाह शमविणारी औषधे आणि मर्यादा

दाह कमी केला तर रक्तवाहिन्या वाचतात काय, याची मनुष्यात परीक्षा झाली आहे. २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृद्‌रुग्णांवर केलेल्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने, कोलेस्टेरॉल न घटविताही, हृदयाघातादी घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्या. त्याचबरोबर प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. व्याधिप्रतिकारशक्ती सरसकट दडपणे किती महाग पडते, हे त्यातून दिसते. याच न्यायाने ती सरसकट वाढविण्याची भाषाही तपासून घ्यावी. कोविडच्या साथीनंतर 'इम्युनिटी वाढवा' अशी मागणी प्रत्येक दुकानात होऊ लागली. स्थूल रुग्णाच्या मेदात प्रतिकारपेशी आधीच भलत्या ठिकाणी कामाला लागलेल्या असतात. त्याला गरज असते ती समत्वाची.

कोल्चिसिन हे जुने औषध ०.५ मिलिग्रॅम मात्रेत स्थिर हृद्‌रोगात उपयुक्त ठरल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. २०२४ मधील दुसऱ्या मोठ्या चाचणीत हृदयाघातानंतर लगेच सुरू केलेल्या त्याच औषधाने लाभ दिसला नाही. आपल्याकडील लांगली, म्हणजे कळलावी, हिच्या कंदात व बीजात कोल्चिसिन असते. ही माहिती वाचून कोणी कळलावीचा प्रयोग करू नये. ती उपविषांत गणली आहे, औषधी व विषारी मात्रेतील अंतर फार थोडे आहे आणि वनस्पतीतील प्रमाण प्रत्येक वेळी बदलते.

गुग्गुळाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९६६ साली बनारस येथे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे गुग्गुळावर केलेले संशोधन आपल्या शास्त्राला भूषणावह आहे. तथापि २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने अपायकारक कोलेस्टेरॉल घटले नाही, उलट थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. तो अर्क होता, शोधित गुग्गुळाचा कल्प नव्हता, पाश्चात्त्य आहाराच्या व्यक्ती होत्या, हे खरे. पण आपल्या कल्पांच्या तशाच काटेकोर चाचण्या करून उत्तर देणे हे आपले काम आहे. १९९४ साली मुंबईत झालेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे आढळले. रक्तदाबाच्या रुग्णाला गुग्गुळकल्प देण्यापूर्वी त्याच्या गोळ्यांची नावे विचारावीत.

चिकित्सालयातील आचरण

या सर्व विवेचनातून व्यवहारात उतरणाऱ्या गोष्टी थोड्याच, परंतु निश्चित आहेत.

१. प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या उदराचा घेर मोजावा. रुग्ण उभा असता, सहज उच्छ्वासाच्या शेवटी, शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर फीत लावावी. भारतीय पुरुषात ९० सें.मी. आणि स्त्रीत ८० सें.मी. ही मर्यादा मानली जाते. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावा, हा नियम रुग्णाच्याही लक्षात राहतो.

२. घेर अधिक असेल तर वजन कितीही असो, रक्तदाब मोजावा आणि रक्तशर्करा व रक्तातील स्नेहांची तपासणी करून घ्यावी.

३. स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम सांगावा. आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाट्याने चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाळीत काम करणाऱ्यास बसच्या दोन थांबे आधी उतरून चालणे जमते. चरकांनीही व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा असेच सांगितले आहे.

४. आहारात जव, नाचणी, मूग, कुळीथ, ताक, आवळा यांची योजना करावी. जड पण संतर्पण न करणारे द्रव्य हे स्थौल्यचिकित्सेचे सूत्र आहे. केवळ उपासाने मेदाबरोबर मांसही घटते. बारीक स्नायूंच्या रुग्णात ते विशेष टाळावे.

५. रक्तदाब व मधुमेहाच्या चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. घेर उतरू लागला की त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते. त्यासाठी संबंधित डॉक्टरांना चिठ्ठी द्यावी.

औषधविक्रेत्यांसाठी

"पोट कमी होण्याचे काही द्या," असे म्हणणारा ग्राहक दररोज दुकानात येतो. एका महिन्यात दहा किलो वजन उतरविण्याचा दावा करणारे चूर्ण वा कॅप्सूल त्याला हवे असते. अशा अनेक 'वनौषधी' उत्पादनांत सिब्युट्रामिन हे रासायनिक औषध मिसळलेले जगभर सापडले आहे. त्याने भूक मरते, वजन उतरते आणि त्याच वेळी रक्तदाब व नाडीची गती वाढते. हृद्‌रुग्णांत हृदयाघात व पक्षाघात वाढल्याचे दिसल्यानंतर २०१० साली युरोप व अमेरिकेतून आणि २०११ साली भारतातून ते हद्दपार झाले. ज्या धमन्या वाचविण्यासाठी मेद कमी करावयाचा, त्यांच्यावरच हा घाला आहे. वजनकाटा मात्र यश दाखवीत असतो.

म्हणून वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्यांची पूर्ण यादी आणि उत्पादकाचा पत्ता नसेल असा माल दुकानात ठेवू नये. औषधाने छातीत धडधड, झोप उडणे, तोंडास कोरड अशी तक्रार आली तर ते बंद करवून रुग्णाचा रक्तदाब पाहावा आणि अन्न व औषध प्रशासनास कळवावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे. तेव्हा दुकानाबाहेर स्थौल्य हटविण्याच्या औषधाचा फलक लावणे हा गुन्हा ठरू शकतो.

एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक दुकानाने गल्ल्याशेजारी एक मोजफीत ठेवावी. चूर्ण मागणाऱ्याचा घेर मोजून तो कागदावर तारखेसह लिहून द्यावा आणि रक्तदाब तपासण्यासाठी त्याला जवळच्या वैद्याकडे पाठवावे. तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन त्याने परत यावे. दोन-तीन सेंटिमीटर घेर उतरलेला दिसला, तर वजन तेवढेच असले तरी त्याला शाबासकी द्यावी. आतला दाह डोळ्यांना दिसत नाही, पण फितीवरचा आकडा रुग्णाला दाखविता येतो. या कामास खर्च काहीच नाही आणि आपल्या व्यवसायावरील विश्वास त्याने वाढेल.